नागपूरच्या धंतोलीतल्या या हॉस्पिटलमध्ये बहिणीचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, तो सगळा अनुभव

आधी स्टार्सचं सांगते, ५ पैकी ४ दिलेत. सर्जन मॅडम आणि वॉर्डमधल्या सिस्टर यांच्यासाठी ५ पण कमीच पडतील, पण डिस्चार्जच्या दिवशी बिलिंग काउंटरवर जो त्रास झाला आणि कन्सेंट फॉर्मचं जे झालं त्यासाठी एक स्टार कापलाय, ते खाली सांगतेच. ज्यांना पित्ताशयात खडे निघालेत किंवा घरात कोणाला सारखं "पित्त" होतंय त्यांनी पूर्ण वाचा, लांब झालंय पण आम्हाला हे कोणी आधी सांगितलं असतं तर दोन महिने वाचले असते.

माझी धाकटी बहीण ३१ वर्षांची, हिंगणघाटला दिलीय, दुसरं बाळ ७ महिन्यांचं. अंगाने बारीकच म्हणायची आता. दिवाळीच्या सुमारास तिला पहिल्यांदा रात्री पोटात दुखलं, वरच्या बाजूला मधोमध आणि उजवीकडे बरगडीखाली, आणि तिथून मागे पाठीत उजव्या पात्याखाली जायचं. रात्री साडेबारा-एकला सुरू व्हायचं आणि दोन-अडीच तास राहायचं. कुशीवर झोपा, उठून बसा, फिरा, कशानेच फरक नाही. मग आपोआप थांबायचं आणि सकाळी ही एकदम ठणठणीत, भाकरी थापायला उभी. त्यामुळे कोणी मनावर घेतलंच नाही. सासूबाई म्हणाल्या पित्त झालं, जागरण होतंय बाळामुळे. आई फोनवर म्हणाली ओवा खा, थंड दूध पी. तिथल्या एका डॉक्टरकडे दोनदा नेलं, त्यांनी पित्ताचं इंजेक्शन दिलं, सकाळी उपाशीपोटी घ्यायची गॅसची कॅप्सूल दिली आणि पाठवून दिलं. पोटाला हात लावून बघितलं नाही, सोनोग्राफीचं नाव काढलं नाही. ती म्हणाली पण होती की डॉक्टर जळजळ नाही होत, दुखतं, तर म्हणे तेच ते.

हा जो आपला "पित्त" शब्द आहे न, याने खूप घोटाळा होतो हे मला आता कळलं. छातीत जळजळ झाली, आंबट ढेकर आले की आपण म्हणतो पित्त झालं. अंगावर लाल गांधी उठल्या तरी म्हणतो पित्त उठलं. आणि खरं जे पित्त असतं, लिव्हरमध्ये तयार होणारं हिरवट-पिवळं पाणी, ते या दोन्हीपेक्षा वेगळंच. मॅडमने पहिल्याच दिवशी हे समजावलं. जळजळ होते ती जठरातल्या अ‍ॅसिडने. पित्त तयार होतं लिव्हरमध्ये, रोज जवळपास अर्धा ते एक लिटर, आणि जेवणं नसतात तेव्हा ते लिव्हरच्या खाली चिकटलेल्या एका छोट्या पेरूसारख्या पिशवीत साठतं, तिच्यात मावतं जेमतेम ३० ते ५० मिली, त्यामुळे तिथे ते आटवून घट्ट करून ठेवलेलं असतं. तेलातुपाचं खाल्लं की पिशवी आवळते आणि पित्त आतड्यात सोडते. खडे होतात ते या पिशवीत. आणि पिशवी आवळताना खडा तोंडाशी अडकला की ती कळ येते. म्हणजे आपण सगळे एकाच शब्दाने तीन वेगळी दुखणी सांगत होतो आणि औषध एकाच दुखण्याचं चाललं होतं.

जानेवारीत चुलतभावाचं लग्न होतं, पंगतीत वडाभात, वर हिंगाची तेलाची फोडणी, ती पण महिनोन्महिने डाएट करून कंटाळली होती, पोटभर जेवली. त्या रात्री मी तिच्याजवळ होते. ओट्याला दोन्ही हातांनी धरून वाकून उभी होती, कपाळावर घाम, उलट्या, आणि तिकडे बाळ दुधासाठी रडतंय पण तिला त्याला उचलताही येईना. मला म्हणाली, "ताई, दोन्ही बाळंतपणं बरी होती गं." तेव्हाच मी ठरवलं की सकाळी गाडीत घालायचं आणि थेट नागपूर. आमच्या शेजारच्या वहिनींचं ऑपरेशन याच हॉस्पिटलमध्ये झालेलं म्हणून इथे आलो.

धंतोलीत गाडी लावायला जागा मिळणं म्हणजे नशीबच लागतं, सगळी हॉस्पिटलं त्याच गल्ल्यांमध्ये, आमचे जावई अर्धा तास चकरा मारत होते. पेशंट असेल तर गेटवर उतरवा आणि गाडी लांब लावून ऑटोने या. ओपीडीत अपॉइंटमेंट ११ ची होती, नंबर लागला सव्वाएकला. हे लिहिणं भाग आहे कारण बाळ घेऊन बसणं सोपं नाही. पण आत गेल्यावर मॅडमने जो वेळ दिला तो बघता बाहेर उशीर का होतो तेही समजलं.

मॅडमने आधी सगळं ऐकून घेतलं. मग झोपवून उजव्या बरगडीखाली बोटं दाबून ठेवली आणि म्हणाल्या मोठा श्वास घे, तिचा श्वास मधेच अडकला, "आई गं" म्हणाली. एवढ्यावरच त्या म्हणाल्या की बहुतेक पित्ताशय आहे, खात्री करून घेऊ. सकाळपासून उलट्यांमुळे ती उपाशीच होती, म्हणून सोनोग्राफी लगेच झाली. ही सोनोग्राफी ६ ते ८ तास उपाशी राहून करायची असते, कारण खाल्लं की पिशवी आकसते आणि आतलं नीट दिसत नाही, बऱ्याच जणांना हे सांगत नाहीत आणि मग दुसऱ्या दिवशी परत बोलावतात. मला आत थांबू दिलं. स्क्रीनवर काळी पिशवी, तळाशी पांढरे ठिपके ओळीने, आणि प्रत्येकाच्या मागे काळी सावली. त्या डॉक्टरांनी तिला डाव्या कुशीवर वळवलं तर ठिपके घरंगळत दुसऱ्या बाजूला गेले. म्हणाले सावली पडते आणि हलतात म्हणजे खडेच. पिशवीतले खडे शोधायला एवढी साधी, स्वस्त आणि खात्रीची तपासणी दुसरी नाही. आमचे १,३०० रुपये लागले. दोन महिने गॅसच्या कॅप्सूलवर जो खर्च झाला तो याच्या जवळपास होता.

आता मुख्य प्रश्न जो आमच्या घरात सगळ्यांनी विचारला, हिलाच कसं झालं, एवढ्या कमी वयात, आणि जाड पण नाही. मॅडमने रिपोर्टच्या पाकिटावर मागच्या बाजूला पेनाने चित्र काढून समजावलं, ते पाकीट मी अजून ठेवलंय. त्या म्हणाल्या, कॉलेजात आम्हाला पाच एफ शिकवतात, फॅट, फीमेल, फर्टाइल, फॉर्टी आणि फेअर, म्हणजे जाड, बाई, मुलंबाळं झालेली, चाळिशीची, गोरी. ते लक्षात राहायला बरं आहे पण त्याने नुकसान पण होतं, कारण बारीक, तरुण, सावळी बाई आली किंवा पुरुष आला की डॉक्टरच्या मनात खडे येतच नाहीत. हे त्यांनी एवढं मनापासून सांगितलं की मला हिंगणघाटचं इंजेक्शन आठवलं.

मग म्हणाल्या चहात साखर घाल, विरघळते, अजून घाल, एका मर्यादेनंतर तळाशी बसते. पित्तात कोलेस्टेरॉलचं तसंच आहे. बाईच्या शरीरातल्या इस्ट्रोजेन हार्मोनने पित्तात कोलेस्टेरॉल जास्त उतरतं, म्हणून पाळी चालू असण्याच्या वयात बायकांना पुरुषांच्या दोन ते तीन पट खडे होतात, पाळी गेल्यावर हा फरक कमी होत जातो. गरोदरपणात तर इस्ट्रोजेन वाढतंच, वर प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या हार्मोनने पिशवी आळशी होते, नीट रिकामी होत नाही, पित्ताचा गाळ बसतो. बऱ्याच जणींचा तो गाळ बाळंतपणानंतर निघून जातो पण काहींचा राहतो आणि त्याचे खडे होतात, जितकी बाळंतपणं जास्त तितका धोका जास्त. आणि मग त्यांनी विचारलं, वजन किती कमी केलं आणि किती दिवसांत?

इथे आमची बहीण गप्प झाली. बाळ तीन महिन्यांचं झाल्यावर तिने मोबाईलवर बघून डाएट सुरू केलं होतं, सकाळी काकडी, दुपारी सूप, रात्री काहीच नाही, तेल-तूप पूर्ण बंद. सात आठवड्यांत १२ किलो उतरलं आणि आम्ही सगळ्यांनी तिचं कौतुक केलं होतं, मी सगळ्यात जास्त. मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या आठवड्याला दीड किलोपेक्षा जास्त वेगाने वजन उतरलं की खड्यांचा धोका वाढतो, कारण अंगावरची चरबी वितळते आणि तिचं कोलेस्टेरॉल लिव्हर पित्तात ओतते, आणि खाण्यात तेलतूपच नाही म्हटल्यावर पिशवीला आवळायचं कामच राहत नाही, सगळं तिथेच साठून राहतं. लठ्ठपणाचं ऑपरेशन करतात त्यांना पण याच कारणाने पुढचे काही महिने सांभाळावं लागतं. म्हणजे जाड असणं पण कारण आणि घाईने बारीक होणं पण कारण. हे मला माहीतच नव्हतं आणि माझ्या ओळखीतल्या एकीलाही नव्हतं, बाळंतपणानंतर प्रत्येक जण "वजन कमी कर" म्हणतो आणि किती वेगाने करायचं ते कोणी सांगत नाही.

ओपीडीत दोन तास बसलो त्यात जे पेशंट भेटले त्यावरून पण कळलं की हे सगळ्यांनाच होतं. वरुडकडचे एक आजोबा होते, सत्तरीचे, काटक, आयुष्यभर शेतात राबलेले, शुगर आहे. त्यांचा खडा पिशवीतून सरकून पित्त आतड्यात नेणाऱ्या नळीत अडकला होता, डोळे पिवळे, लघवी गडद, ताप थंडी वाजून. त्यांचा नळीतला खडा आधी तोंडातून दुर्बीण घालून काढला होता आणि आता पिशवी काढायला आले होते. वय वाढलं की पुरुष असो बाई असो प्रमाण वाढतच जातं. आणि गडचिरोलीकडचा एक मुलगा आईसोबत आलेला, चौदा-पंधरा वर्षांचा असेल, शांत, हातात वही घेऊन. त्याला सिकलसेल आहे. आपल्या विदर्भात सिकलसेल किती आहे हे आपल्याला माहीत आहे, पण त्याचा आणि पित्ताशयाचा संबंध असतो हे मला त्या दिवशी कळलं. सिकलसेलमध्ये रक्तातल्या लाल पेशी लवकर फुटतात, त्यातून बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य जास्त तयार होतं आणि त्याचे काळे, छोटे, ठिसूळ खडे होतात, त्यात कोलेस्टेरॉलचा संबंधच नसतो. थॅलेसेमियात पण तसंच. त्याची आई सांगत होती की गावात लोक म्हणतात पोराला तेलकट खायला घालता म्हणून झालं. ती बिचारी डोळे पुसत होती. ज्यांच्या घरात सिकलसेलचा पेशंट आहे त्यांनी पोटदुखीला दरवेळी सिकलसेलचीच कळ समजू नका, एकदा सोनोग्राफी करून घ्या, एवढं तरी हे वाचून कोणी केलं तर मला बरं वाटेल.

मॅडमने शिक्षणाची काही वर्षं उत्तर प्रदेशात काढलीत. त्या म्हणाल्या तिकडे ओपीडीत हे खडे इकडच्यापेक्षा कितीतरी जास्त, उत्तर भारतात दक्षिणेपेक्षा प्रमाण जास्त आहे, आणि गंगेच्या पट्ट्यात पित्ताशयाचा कॅन्सर पण जास्त दिसतो. उत्तरेत बहुतेक कोलेस्टेरॉलचे पिवळट खडे, दक्षिणेत काळे खडे जास्त. घरी आल्यावर मी वाचत बसले, मला सवयच आहे. काश्मीरमध्ये १९८० च्या दशकात सरसकट लोकांची सोनोग्राफी करून बघितली होती तर शंभरात सहा जणांना पित्ताशयाचा आजार निघाला, बायकांमध्ये शंभरात नऊ-दहा आणि पुरुषांमध्ये तीन. युरोप-अमेरिकेत मोठ्या माणसांमध्ये शंभरात दहा-पंधरा. आणि अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनाच्या पिमा आदिवासींमध्ये तर निम्म्याहून कितीतरी जास्त बायकांना. म्हणजे घराण्यातून, रक्तातून पण येतं. आई किंवा सख्ख्या बहिणीला असेल तर आपल्याला असायची शक्यता वाढते. आमच्या आईच्या मावशीचं ऑपरेशन झालेलं, बरगडीखाली वीतभर टाक्यांचा व्रण होता, दहा-बारा दिवस दवाखान्यात होती, आईच्या डोक्यात तेच चित्र, त्यामुळे ती ऑपरेशनला तयारच नव्हती. मॅडमने आईला समजावलं की आता चार छोटी भोकं पाडून दुर्बिणीने करतात, आणि आपल्या देशात हे १९९० मध्ये मुंबईच्या जे.जे. हॉस्पिटलमध्ये डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी पहिल्यांदा केलं, तीस वर्षांपेक्षा जास्त झाली, आता हे रोजचं काम आहे. आईला मुंबईचं, सरकारी हॉस्पिटलचं नाव ऐकून धीर आला.

नातेवाइकांचे सल्ले तर विचारू नका. कुळथाचं पाणी, पानफुटीचा पाला, भरपूर पाणी प्या म्हणजे वाहून जाईल. हे सगळं मुतखड्याचं आहे, किडनी आणि लघवीचा रस्ता वेगळा, पित्ताशयाचा रस्ता वेगळा, कितीही पाणी प्यायलं तरी या पिशवीतला खडा लघवीतून निघणार नाही. एका काकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं, ऑलिव्ह ऑइल आणि लिंबाचा रस रात्री प्यायचा, सकाळी हिरवे खडे पडतात. ते हिरवे गोळे पोटात तेलाचाच साबणासारखा लगदा होऊन बनलेले असतात, खडे नसतात, हे मॅडमने सांगितलं, आणि एवढं तेल एकदम प्यायल्यावर पिशवी जोरात आवळली तर खडा नळीत अडकायची भीती ते वेगळंच. गोळ्यांनी विरघळतात का हे पण विचारलं. छोटे, फक्त कोलेस्टेरॉलचे खडे असतील आणि पिशवी चांगलं काम करत असेल तर एका गोळीने काहींचे विरघळतात, पण सहा महिने ते दोन वर्षं घ्यावी लागते, आणि बंद केल्यावर पाच वर्षांत जवळपास निम्म्या लोकांना परत होतात. बहिणीला चार वेळा कळ येऊन गेलेली, खडे छोटे छोटे भरपूर, आणि छोटा खडाच नळीत सरकायची भीती जास्त, त्यातून कावीळ किंवा स्वादुपिंडाला सूज. म्हणून मॅडम म्हणाल्या काढून टाकू, पण घाबरून आज रात्री करायची गरज नाही, रक्ताच्या तपासण्या चांगल्या आहेत, नळी फुगलेली नाही, दहा दिवसांत सोयीने या. तोपर्यंत तळलेलं बंद आणि ताप किंवा डोळे पिवळे झाले तर फोन न करता सरळ यायचं. कोणी घाई केली नाही, घाबरवलं नाही, हे मला फार आवडलं.

आता कन्सेंट फॉर्मचं. ऑपरेशनच्या सकाळी एक मुलगा चार पानी इंग्रजी फॉर्म घेऊन आला आणि जावयांना म्हणाला इथे इथे सही करा. मी म्हटलं मराठीत द्या. तर म्हणे मराठीत नाही, हिंदीत पण नाही. बाबा आणि जावई दोघंही मराठी शाळेत शिकलेले, बहीण पण, शरीर तिचं आहे आणि तिला वाचता येत नाही असा कागद तिच्यासमोर ठेवायचा? मी सही करू दिली नाही. पंधरा मिनिटांनी मॅडम स्वतः आल्या, बेडवर बसल्या आणि एक एक ओळ मराठीत सांगितली. कधी कधी चिकटलेलं खूप असेल तर दुर्बीण सोडून पोट उघडावं लागतं आणि तो निर्णय पेशंटच्या भल्यासाठी असतो, अपयश नसतं. पित्ताच्या मुख्य नळीला इजा व्हायचा धोका हजारात तीन-चार एवढा. हे स्पष्ट ऐकून आई रडली पण आमचा विश्वास वाढला. तरीपण हॉस्पिटलला माझं म्हणणं आहे की विदर्भातल्या खेड्यापाड्यातून लोक येतात, मराठी आणि हिंदी फॉर्म छापून घ्या, प्रत्येक पेशंटसोबत भांडणारी बहीण नसते.

ऑपरेशन पाऊण तासात झालं. सगळ्यात मोठी काळजी होती बाळाची, अंगावर पिणारं, बाटली तोंडात धरत नाही. इथल्या रात्रपाळीच्या सिस्टरने आदल्या संध्याकाळीच विचारलं, बाळ किती वेळाने पितं, आणि पंपाने दूध काढून ठेवायला लावलं, फ्रीजमध्ये नाव लिहून ठेवलं. ऑपरेशनच्या वेळी मी वाटी-चमच्याने पाजलं. भुलेच्या डॉक्टरांनी सांगितलं की ती पूर्ण शुद्धीवर येऊन बाळाला धरण्याइतकी सावध झाली की पाजू शकते. संध्याकाळी पाच वाजता सिस्टरने तिला कुशीवर वळवलं, पोटावरच्या टाक्यांना धक्का लागू नये म्हणून मध्ये उशी ठेवली, आणि बाळाला बाजूने लावलं. ते प्यायला लागलं आणि हिचे डोळे वाहायला लागले, सिस्टरने पडदा ओढला आणि बाहेर उभी राहिली, कोणाला आत येऊ दिलं नाही. ती सिस्टर केरळची आहे, मराठी मोडकंतोडकं बोलते, पण तिने जे केलं ते सख्खी पण करणार नाही.

दुसऱ्या दिवशी उजवा खांदा खूप दुखला, आम्ही घाबरलो, तर ते ऑपरेशनसाठी पोटात भरलेल्या गॅसमुळे होतं, दोन दिवसांत जातं, चालायला लावलं, गेलं. हे आधी सांगायला हवं होतं. खडे एका छोट्या बाटलीत दिले. बाबांनी उन्हात धरून मोजले, २३ निघाले. तुरीच्या दाण्यापासून हरभऱ्याएवढे, पिवळट-हिरवे, आणि एकमेकांवर घासून घासून बाजू सपाट झालेल्या, पैलू पाडल्यासारख्या. बाबा बराच वेळ बाटली हातात घेऊन बसले होते, मग म्हणाले, "एवढं घेऊन पोरगी स्वयंपाक करत होती, नं आपण ओवा खा म्हणून राहिलो होतो." पिशवी तपासणीला पाठवली, रिपोर्ट साधा आला.

डिस्चार्ज मात्र वैताग. सकाळी ९ ला घरी जा म्हटलं आणि निघालो दुपारी पावणेतीनला. कॅशलेसची मंजुरी उशिरा येते हे समजू शकते, पण काउंटरवरचा माणूस नीट बोलतच नव्हता, दरवेळी "थांबा" एवढंच. पॅकेज ६२,००० सांगितलं होतं, बिल ६८,४०० झालं, वरचे पिशवीची तपासणी आणि औषधांचे. ते आधी लिहून दिलं असतं तर प्रश्न नव्हता. इन्शुरन्सवाल्यांनी एक लक्षात ठेवा, आमच्या पॉलिसीत पित्ताशयाच्या खड्यांना पहिली दोन वर्षं कव्हर नव्हतं, आमची तीन वर्षं जुनी होती म्हणून जमलं, आपली पॉलिसी काढून बघून ठेवा.

आणि आता ज्या गोष्टीमुळे मी हे लिहायला बसले ते. सख्ख्या बहिणीला आहे म्हणून मी पण माझी सोनोग्राफी करून घेतली, वय ३८. निघाला, एकच खडा, ११ मिलिमीटरचा. मला आयुष्यात कधी तशी कळ आलेली नाही. मी तर बॅग भरायच्या तयारीत मॅडमकडे गेले, जावई पण म्हणाले कॅशलेस आहे, करून टाका. मॅडमने रिपोर्ट बघितला, दाबून बघितलं, विचारून घेतलं आणि म्हणाल्या, "तुम्हाला ऑपरेशनची गरज नाही." खडे असलेल्या दहापैकी जवळपास आठ जणांना त्रासच नसतो, आणि त्यातल्या बहुतेकांना पुढेही होत नाही, वर्षाला शंभरात एक-दोन-तीन जणांना सुरू होतो. त्रास नसताना काढायची कारणं वेगळी असतात, खडा ३ सेंटीमीटरपेक्षा मोठा, पिशवीची भिंत चुन्यासारखी कडक झालेली, सिकलसेलसारखा आजार, यातलं मला काही नाही. कळ कशी असते ते तुम्ही बहिणीची बघितलीच आहे, तशी आली तर या, नाहीतर कामाला लागा. आणि जेवण सोडू नका, उपाशी राहू नका, वजन उतरवायचं तर महिन्याला दोन-तीन किलो, हळूहळू.

हातात आलेलं ऑपरेशन, तेही इन्शुरन्सचं, एखादा सर्जन घरी पाठवतो हे मी पहिल्यांदा बघितलं. त्या दिवशीची ओपीडीची फी पण घेतली नाही, म्हणाल्या बहिणीच्या फॉलोअपला आलात न तुम्ही. शेजारच्या वहिनी म्हणतात खडा पोटात ठेवून झोप कशी लागते तुला. लागते, कारण कोणीतरी मला नीट समजावून सांगितलंय.

बहीण आता सगळं खाते, सुरुवातीला तीन-चार आठवडे तेलकट खाल्लं की पोट बिघडायचं, ते थांबलं. पिशवी नसली तरी पित्त लिव्हरमधून थेट आतड्यात येतं, त्यामुळे आयुष्यभराचं पथ्य काही नाही. बाळ घेऊन जाणार असाल तर दुसऱ्या मजल्यावरची लिफ्टसमोरची खोली मागा, तिथे बाथरूममध्ये गरम पाणी चोवीस तास असतं आणि पाळणा बांधायला हूक आहे, आणि रात्रपाळीच्या सिस्टरला आल्या आल्या सांगून ठेवा की अंगावर पिणारं बाळ आहे.